जुना मिस्ट नवीन लॅपटॉपवर, आणि तो भुयारातला चक्रव्यूह

मिस्ट हा १९९३ चा गेम, रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी केलेला. जुनी विंडोजची सीडी मिळाली पण तिचा इन्स्टॉलर १६ बिटचा, ६४ बिट विंडोजवर तो चालतच नाही. मग स्कमव्हीएम टाकलं (जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे), सीडीवरच्या डॅट फाइल्स आणि व्हिडिओचा फोल्डर हार्डडिस्कवर एकाच जागी कॉपी केला, अ‍ॅड गेम केलं आणि लगेच सुरू.

खरं अडकले ते सेलेनिटिक एजमध्ये (गेममधल्या प्रत्येक जगाला एज म्हणतात). जमिनीखाली रुळांवरची गाडी, प्रत्येक फाट्यावर एक आवाज येतो आणि जायचं कुठे ते काहीच लिहिलेलं नाही, कितीतरी वेळ नुसती गोल गोल फिरत होते. याचं उत्तर दुसऱ्याच जगात आहे बरं का! मेकॅनिकल एजमधला किल्ला फिरतो ना, तिथे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम प्रत्येक दिशेचा आवाज वेगळा आहे, तेच आवाज इथे वापरलेत. म्हणून आधी मेकॅनिकल एज करा, हेडफोन लावून चारही आवाज नीट ऐकून वहीत लिहा (टण्ण, फुस्स असं काहीही चालेल), मग गाडीत बसा. दोन आवाज एकत्र आले तर मधली दिशा, म्हणजे उत्तर आणि पूर्व मिळून ईशान्य. हे कळल्यावर सरळ बाहेर पडले. एका जगात कानाला शिकवायचं आणि दुसऱ्यात परीक्षा घ्यायची, इतकं सुंदर कोडं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलं नाही. वॉकथ्रू (सगळी उत्तरं सांगणारी गाइड) बघू नका प्लीज.