पात्राचा त्याग कसा वाचावा
गोव्यात जत्रेच्या रात्री देवळाच्या मंडपात नाटक पाहताना पात्राने काय सोडले याबरोबरच त्याच्यापुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता, हेही टिपावे. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ नाटकातून आणि मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या संगीतातून आपल्या घरोघरी पोचलेली महाभारतातील देवव्रताची, म्हणजे पुढच्या भीष्मांची, कथा घ्या. पित्याला सत्यवतीशी विवाह करता यावा म्हणून त्याने आधी सिंहासन सोडले. परंतु सत्यवतीचा पिता दाशराजा याने त्याच्या भावी पुत्रांविषयी शंका काढताच त्याने आजन्म ब्रह्मचर्य पत्करले, आणि पित्याचे सुख त्याला स्वतःच्या वंशाहून मोठे वाटते, हे या दुसऱ्या पायरीवरच कळते. त्यानंतर त्या त्यागाची किंमत आणखी कोणी मोजली, ते पाहावे. भावासाठी पळवून आणलेल्या काशीच्या राजकन्येचा, अंबेचा, स्वीकार करण्याची गुरू परशुरामांची आज्ञाही भीष्मांनी मानली नाही. मला हा नकार मूळ प्रतिज्ञेपेक्षा अधिक बोलका वाटतो.