१ जुलैच्या आधी एवढं वाचाच (अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या ट्रेनिंगला, येणाऱ्यांसाठी)

मंडळी, मॅचचे (कोणाला कुठे रेसिडेन्सी मिळाली त्या निकालाचे) पेढे वाटून झाले असतील तर आता कामाचं बोलू. दरवर्षी मे-जून आला की मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून टाकते. मी जे-१ वर (ट्रेनिंगसाठीच्या व्हिसावर) आले, इंटर्नल मेडिसिन केलं, मग वेव्हरची (ट्रेनिंगनंतर मायदेशी परतायची अट माफ व्हावी म्हणून करायची) तीन वर्षं एका छोट्या गावात काढली आणि आता इथेच आहे, तेव्हा हे जास्त करून जे-१ वाल्यांसाठी. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांनी व्हिसाचं सोडून बाकीचं घ्या.

ओरिएंटेशनला दोन-तीन दिवस स्लाइडवर स्लाइड दाखवतात, जेटलॅगने डोळे मिटत असतात, आणि आपण जिथे बोट दाखवतील तिथे सही करून मोकळे होतो. मीही तेच केलं. पण त्या गठ्ठ्यात इन्शुरन्सचे फॉर्म असतात आणि ते भरायची मुदत साधारण ३० दिवसांची असते, ती गेली की पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत (इन्शुरन्स निवडायची पुढची ठरलेली मुदत येईपर्यंत) बसा. नवरा किंवा बायको मागून येणार असेल तर त्यांचं नाव नंतर कसं घालायचं ते एचआरला आधीच ईमेलवर विचारून ठेवा, तोंडी नको, कारण जे-२ वाल्यांनाही (जे-१ वाल्यांच्या नवरा-बायकोलाही) इन्शुरन्स सक्तीचा आहे. आणखी एक, जे-१ वर डीएस-२०१९ (व्हिसामागचा मुख्य फॉर्म) वरच्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधी येता येतं, पण हॉस्पिटलचा इन्शुरन्स तुम्ही रुजू झाल्यावर सुरू होतो. मधल्या दिवसांचा स्वतः काढून या.

पैशाचं थोडक्यात. पगार दर दोन आठवड्यांनी, आणि पहिला पगार जुलै बराच सरल्यावर हातात येतो, तोवर डिपॉझिट, भाडं, गाडी सगळं खिशातून. इथे तुमचा क्रेडिट स्कोअर शून्यसुद्धा नाही, तो मुळात नसतोच, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर आला की आधी एक सिक्युअर्ड (डिपॉझिट ठेवून मिळणारं) क्रेडिट कार्ड काढा.

पण पगाराची पहिली स्लिप नीट बघा बरं का. जे-१ वर पहिली दोन कॅलेंडर वर्षं तुम्ही टॅक्सच्या भाषेत नॉन-रेसिडेंट असता (आधी एफ किंवा जे व्हिसावर इथे राहिला असाल तर हिशोब बदलतो) आणि तेवढ्या काळात सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के तुमच्या पगारातून कापायचे नसतात. जूनमध्ये आलात तरी ते अख्खं वर्ष एक धरतात. पेरोलवाल्यांना हे माहीत असेलच असं नाही, माझे सात महिने कापले गेले, लक्षात आणून दिलं तर म्हणाले सगळ्यांचेच कापतो. शेवटी मिळाले परत, पण फॉर्म भरून भरून जीव गेला. साठ-पासष्ट हजार डॉलर पगारावर ही रक्कम वर्षाला साडेचार हजारांच्या पुढे जाते, तेव्हा लाजू नका.

आता तासांचं, ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले. एसीजीएमईचा (रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या संस्थेचा) नियम असा की चार आठवड्यांची सरासरी काढून आठवड्याला ८० तास, सात दिवसांत एक दिवस पूर्ण सुटी (तीही सरासरीने), सलग २४ तास आणि वर हँडओव्हर (पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवणं) वगैरेसाठी जास्तीत जास्त ४, आणि २४ तासांच्या कॉलनंतर (सलग ड्युटीनंतर) १४ तास मोकळे. घरी बसून लिहिलेल्या नोट्सही त्या ८० मध्ये मोजायच्या असतात, हे कोणी ठासून सांगत नाही. हे नियम काही कोणी दयेपोटी दिले नाहीत. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी अ‍ॅडमिट झाल्यावर काही तासांत गेली, तिला बघणारे रेसिडेंट दमलेले आणि देखरेखीला सीनियर जागेवर नाही, त्यावरून इतका गदारोळ झाला की १९८९ ला न्यूयॉर्क राज्याने तासांवर मर्यादा घातली आणि २००३ मध्ये ती देशभर आली.

आपण येतो तिथून जिथे ३६ तास उभं राहणं म्हणजे मर्दुमकी. त्यामुळे मी इंटर्न (पहिल्या वर्षाची रेसिडेंट) असताना ८८ तास भरले की ७९ टाकायचे, वाटायचं जास्त लिहिले तर म्हणतील ही स्लो आहे. सगळे तसंच करत होते म्हणून महिनोन्महिने कागदावर तो वॉर्ड एकदम छान चाललेला. मग एकदा २८ तासांच्या कॉलनंतर घरी जाताना लाल सिग्नलला थांबले आणि तिथेच झोप लागली, मागच्या गाडीच्या हॉर्नने जागी झाले. दुसऱ्या दिवशी चीफ रेसिडेंटला सांगितलं तर ती म्हणाली, अगं हॉस्पिटल टॅक्सीचे पैसे देतं, स्लाइडमध्ये होतं की! होतंच. दमलेल्या रेसिडेंटला सुरक्षित घरी जायची सोय आणि झोपायला जागा देणं प्रोग्रॅमवर बंधनकारक आहे. तेव्हापासून मी खरे तास भरले, दोन महिन्यांत त्या रोटेशनवर एक माणूस वाढवला. खोटे तास भरले असते तर कोणाला कळणार होतं?

आजारपणाचंही तेच. ताप असेल तर जेपर्डीवाल्याला, म्हणजे त्या दिवशी राखीव ठेवलेल्या रेसिडेंटला बोलवा, तो त्यासाठीच आहे, पुढे कधी तुम्ही त्याच्यासाठी जाल. डॉक्टरकडे, दातवाल्याकडे, थेरपिस्टकडे कामाच्या वेळात जायलाही नियमाने मुभा आहे. आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक प्रोग्रॅमला रेसिडेन्सीत एकदा तरी सहा आठवडे पूर्ण पगारी रजा द्यावी लागते, स्वतःचं आजारपण, बाळंतपण किंवा घरच्यांची काळजी यासाठी, आणि ती पहिल्या दिवसापासून लागू. बाबांचं बायपास ठरलं तेव्हा आमच्या बॅचच्या एकाने दहा दिवस कोणाला सांगितलंच नाही. अरे बाबा सांग की! फक्त देशाबाहेर जाताना व्हिसाचा शिक्का चालू आहे का आणि डीएस-२०१९ वर प्रवासाची सही आहे का हे बघूनच तिकीट काढा, आणि मोठी रजा असेल तर ईसीएफएमजीला (जे-१ ची प्रायोजक संस्था) कळवायला प्रोग्रॅमच्या कोऑर्डिनेटरला सांगा. कोऑर्डिनेटर म्हणजे प्रोग्रॅमचा खरा मालक, तिच्याशी नीट वागा.

मूनलायटिंगचं, म्हणजे प्रोग्रॅमबाहेर वरकमाईच्या ड्युटीचं, विचारता तर जे-१ वर नाही म्हणजे नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

रेमेडिएशनचं (काम कमी पडतंय, सुधारा असं) पत्र आलं तर रडून झाल्यावर ते दोनदा वाचा. त्यात काय सुधारायचं आणि किती दिवसांत हे लिहिलेलं हवं, नसेल तर लेखी मागा. काँट्रॅक्ट पुढे चालू ठेवणार नसतील तर लेखी कळवावं लागतं आणि त्यावर दाद मागायची पद्धत तुमच्या जीएमई ऑफिसच्या (हॉस्पिटलचं रेसिडेन्सी सांभाळणारं ऑफिस) हँडबुकमध्ये असते. जे-१ वाल्यांचा व्हिसाच प्रोग्रॅमवर टांगलेला, त्यामुळे 'बघू, होईल ठीक' यात वेळ घालवू नका.

मन खचलं तर ईएपी म्हणून मोफत समुपदेशन असतं, तिथलं बोलणं प्रोग्रॅम डायरेक्टरपर्यंत जात नाही. मी गेले होते, दुसऱ्या हिवाळ्यात. रात्री-अपरात्री अगदीच असह्य झालं तर ९८८ या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा.

हां, एक राहिलंच. जॉइनिंगच्या आधी टीबीची टेस्ट मागतात. आपण सगळे बीसीजी टोचलेले, त्यामुळे हातावरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रव्यवहार, जॉइनिंग लांबणीवर. रक्ताची, क्वांटिफेरॉन, चालेल का ते एम्प्लॉयी हेल्थला (हॉस्पिटलच्या कर्मचारी-आरोग्य विभागाला) आजच ईमेल करून विचारा.