ताकायासू असताना थायरॉईड कसं सांभाळायचं

माझ्या डाव्या मनगटात नाडी लागत नाही. 29व्या वर्षी ताकायासूचं निदान झालं. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांना सूज येऊन त्या आतून अरुंद होत जातात, असा हा आजार. बायकांमध्ये जास्त, तोही ऐन तरुणपणी. 3 वर्षांनी थायरॉईडची गोळी मागे लागली.

थकवा आला की मी तो ताकायासूच्या खात्यात टाकायचे. चेहरा सुजला, वजन वाढलं की स्टेरॉईडच्या. पण थायरॉईड कमी पडलं की हेच होतं. मागच्या पावसाळ्यात जिना चढवेना, केस मूठभर गळायचे, पोट साफ होईना. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, मात्र व्यवस्थित. डॉक्टरांनी टीएसएच करायला लावला. ही थायरॉईडची रक्ततपासणी, थायरॉईड कमी पडलं की हिचा आकडा वाढतो. तो आला 11.8, म्हणजे जास्त.

कारण माझ्या गोळ्यांच्या डबीत होतं. स्टेरॉईडमुळे हाडं ठिसूळ होतात म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना कॅल्शियम चालू असतं. मी ते थायरॉक्सिनबरोबर, म्हणजे थायरॉईडच्या गोळीबरोबर, सकाळच्याच कप्प्यात भरत होते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी सोबत गेली की थायरॉक्सिन पोटात नीट शोषलं जात नाही. दोन्हींमध्ये 4 तासांचं अंतर हवं.

आता थायरॉईडची बाटली उशाशी असते. साडेपाचला उठल्याउठल्या गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा साडेसहाला, त्याआधी काही नाही. प्रेडनिसोलोन, म्हणजे माझं स्टेरॉईड, नाश्त्यानंतर, भरल्या पोटी. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. पहिले 8 दिवस चहाची फार आठवण येते, मग अंगवळणी पडतं.

डोस बदलला तर 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा. आधी केलात तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. फ्री टी-4 (रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन) पण बघायचा असेल तर रक्त देऊन मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर डॉक्टरांना सांगून निदान 2 दिवस आधी थांबवा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात त्या दिवशीचा प्रेडनिसोलोनचा डोस पेनने लिहून ठेवा. मोठ्या डोसमध्ये टीएसएच खाली दाबला जातो. डोस माहीत नसेल तर बघणाऱ्याचा चुकीचा समज होतो. यासाठी मी एक दोनशे पानी वही केली आहे, दर भेटीला ती टेबलावर ठेवते.

सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांचा काढलेला स्कॅन, आपल्याला सुटत नाही. तिच्या रंगद्रव्यात भरपूर आयोडीन असतं, त्याने थायरॉईड वर-खाली होऊ शकतं. तपासणी टाळू नका. थायरॉईडचा त्रास आहे हे आधी सांगा, आणि नंतर टीएसएच कधी करायचा ते विचारून घ्या.

बरं वाटेना म्हणून गोळी स्वतःहून वाढवू नका. जास्त झाली तर छातीत धडधडतं, हाडंही झिजतात, आणि ती आपली आधीच स्टेरॉईडने झिजवलेली असतात. उलट, कमी पडलं तर कोलेस्टेरॉल वाढतं, ते या रक्तवाहिन्यांना परवडणारं नाही. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर थायरॉक्सिनचा डोस बदलताच आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करा. स्टेरॉईड मात्र कोणत्याही कारणाने एकदम बंद करायचं नाही.

रक्त काढायला गेलात की बीपी बघणाऱ्याला आधी सांगा, कोणत्या हाताचा आकडा खरा येतो ते. माझा उजवा. वहीच्या पहिल्याच पानावर मी ते लाल शाईने लिहिलं आहे.