चेनसॉ सुरू होत नाही? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

पहिल्या वादळी पावसात घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत गुलमोहर आडवा होतो आणि वर्षभर पंपरूममध्ये पडलेला चेनसॉ बाहेर निघतो. शहापूर-मुरबाडकडे वाडी असणाऱ्यांचा पावसाळ्यानंतर, रान साफ करताना निघतो. दोरी ओढून ओढून दंड भरून येतात, मशीन दोनदा फुरफुरतं आणि गप्प बसतं. मग "इंजिन गेलं" म्हणून ते दुरुस्तीला येतं. इंजिनाला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. गडबड टाकीत असते, नाहीतर चेनमध्ये.

टाकीत जुनं पेट्रोल ठेवणं

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच चेनसॉच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि खाडीकाठच्या ठाण्यात ओलीला काय तोटा! बरेच दिवस पडलेल्या पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं; टाकीतला फिल्टरही नेमका तळाशीच असतो. शिवाय कार्बोरेटरमधला पातळ पडदा कडक होतो आणि पेट्रोलच्या नळ्यांना चिरा जातात.

चोकवर सुरू होतं, रेस दिली की बसतं, अशी तक्रार असेल तर आधी टाकी पूर्ण रिकामी करा, पेट्रोल-ऑइलचं ताजं मिश्रण भरा, टाकीतला फिल्टर बदला आणि एअर फिल्टर धुऊन वाळवा. तरीही बसत असेल तर टाकीची हवा घेण्याची नळी तुंबलीय का ते पाहा. झाकण सैल केल्यावर मशीन नीट चालत असेल तर दोष तिथेच आहे. कार्बोरेटरची किट बदलणं त्यानंतर. स्क्रू फिरवून "सेटिंग" करायला तर सगळ्यात शेवटी जा, कारण पेट्रोल कमी पडत असताना मशीन उंच रेसवर जोरात पळतंय असं वाटतं आणि तेवढ्यात पिस्टन तापून ओरखडतो.

दोरी जास्त ओढल्याने प्लग भिजला असेल तर तो काढून पुसा, चोक न लावता काही वेळा दोरी ओढा, मग परत बसवा. सांडलेलं पेट्रोल वाळू द्या.

ऑइलचा अंदाज घेणं

लुना आणि जुन्या स्कूटर रस्त्यावरून गेल्या, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवयही त्यांच्याबरोबर गेली. नुसतं पेट्रोल भरलेली मशीन येतात, कारचं इंजिन ऑइल मिसळलेलीही येतात. दोन्हींचा शेवट जाम झालेल्या पिस्टनमध्ये. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल. ते मापाच्या बाटलीतून घ्यायचं, झाकणाच्या अंदाजाने नाही. डब्यावर जासो एफडी (JASO FD) हा दर्जा पाहून घ्या आणि महिन्याभरात संपेल एवढंच मिश्रण करा.

दुसरी टाकी चेन ऑइलची. तिथे गाडीतलं काळं जळकं ऑइल ओतायची फार वाईट खोड आहे. त्यातला धातूचा कीस ऑइलचा पंप आणि बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) दोन्ही खातो, उरलेलं ऑइल मातीत आणि तुमच्या अंगावर उडतं. ऑइल येतंय का हे पाहायचं असेल तर बारचं टोक पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उठली पाहिजे. उठली नाही तर बार काढून त्याचं छिद्र आणि खाच साफ करा, भुसा तिथेच अडकतो.

बोथट चेनला जोर लावणं

माझ्या मते चेनसॉचे निम्मे अपघात इथून सुरू होतात. धार असेल तर मशीन स्वतःच्या वजनाने लाकडात उतरतं आणि चौकोनी ढलप्या उडतात. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा. त्यानंतर माणूस वरून दाबतो, तोल पुढे जातो, आणि फांदी तुटली की तो मशीनसकट खाली येतो.

शहरातल्या झाडांमध्ये लाकडापेक्षा खिळ्यांचीच भीती जास्त. दिव्यांच्या माळा, जाहिरातींचे फलक, कपडे वाळवायच्या तारा, सगळं खोडात ठोकलेलं असतं आणि साल त्यावर वाढते. एक खिळा अख्ख्या चेनची धार घालवतो. तोडण्याआधी खोडावरून हात फिरवा, काळा डाग किंवा गाठ दिसली तर जागा बदला.

धार लावायला कानस चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांमधल्या अंतराच्या मापाप्रमाणे) लागते: लहान ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ पिचला ४.८ मिमी. दातावर कोनाची रेघ असते, साधारण ३० अंश. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने ढकलायची आणि प्रत्येक दाताला सारखेच घाव द्यायचे. एका बाजूचे दात आखूड राहिले की काप वाकडा जातो आणि लोक बारला दोष देतात. दातापुढचा ठेंगणा भाग साधारण ०.६५ मिमी खाली हवा. तो जास्त घासला तर चेन अडकते, झटके देते.

चेन उलटी बसवणं ही चूक तर इतकी नेहमीची की आधी तेच बघावं. बारच्या वरच्या कडेवर दातांची धार टोकाकडे हवी. मशीन गार असताना चेन बारला खालून चिकटलेली असावी, पण हाताने सहज ओढता आली पाहिजे.

इंजिन पळतं पण चेन फिरत नाही? बहुतेकदा चेनचा ब्रेक लागलेला असतो. तसंच रेस देत राहिलात तर क्लच जळेल. कव्हर काढण्याआधीही ब्रेक सोडा, नाहीतर काही मॉडेलमध्ये कव्हर परत बसतच नाही. याउलट रेस नसताना चेन फिरत असेल तर आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालायचा वेग, कमी करा. तरी थांबली नाही तर क्लचची स्प्रिंग बघा.

हातात धरण्याच्या चुका

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात चेहऱ्याकडे उसळतं. म्हणून डाव्या हाताचा अंगठा दांड्याखालून वेढलेला हवा, आणि खांद्याच्या वर कधीही कापू नये. शिडीवर चढून तर नाहीच. सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावून, पाय मागच्या दांड्यात; हवेत झुलवत दोरी ओढणं बंद करा. जीन्सने पाय वाचत नाही. चेनसॉच्या खास पॅंटमधले धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात. चष्मा आणि कानाला मफ हवेच, आवाज १०० डेसिबलच्या वर जातो.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं असतं. वाकलेल्या फांदीची एक बाजू दबलेली, दुसरी ताणलेली. आधी दबलेल्या बाजूला उथळ काप, मग ताणलेल्या बाजूने. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांची थाळी परत खड्ड्यात उभी राहते. तिथे कोणालाही उभं राहू देऊ नका. फांदी विजेच्या तारेवर असेल तर मशीन खाली ठेवा आणि महावितरणला कळवा. कळवा-मुंब्रा-शीळ भागात वितरण टोरेंटकडे आहे.

आणि परवानगी. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही लागू आहे. पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करूनच हात लावा. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे तर प्रश्नच नाही.

खरेदीत फसणं

सोसायटीतल्या फांद्यांसाठी ३५-४० सीसी आणि १४ ते १६ इंचांचा बार पुरतो. ५८ सीसी, २२ इंच बघून भुलणारे नंतर हात दुखले म्हणून विकतात. फरशी-लोखंड कापायच्या ग्राइंडरला चेन जोडायचा स्वस्त जोड तर घेऊच नका. ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेऱ्या मारतो, त्याला ना चेन ब्रेक, ना स्वतःचा ऑइल पंप. जुनं मशीन घेताना सायलेन्सर काढून आतला पिस्टन बॅटरीच्या उजेडात पाहा. उभे ओरखडे दिसले तर भाव कितीही कमी असो, परत ठेवा.