डोकं तापतं तेव्हा काय करायचं (आपल्या खान्देशातल्या माणसांसाठी)

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की माणूस बोलत नाही, खेकसतो. त्यात शेतपंपाची लाईट रात्रीची असली की अर्धी रात्र बांधावर जाते, झोपेचं खोबरं होतं, अन सकाळी पोराने नुसतं पेन मागितलं तरी त्याच्यावर वस्सकन ओरडतो आपण. म्हणून राग आला की कोणाचं चुकलं ते नंतर बघा, आधी पाणी कधी प्यायलो, पोटात काही आहे का, रात्री झोप झाली का एवढं विचारा स्वतःला. निम्मी भांडणं इथंच मिटतात असं माझं मत आहे. दुपारी 12 ते 4 मध्ये पैशाचा नाहीतर वाटणीचा विषय काढूच नका भो, संध्याकाळी ओट्यावर बसून काढा.

राग एकदम येतो असं आपण म्हणतो पण अंगाला आधी कळतं. अ‍ॅड्रेनालिन (अंगात तयार होणारं, ठोके वाढवणारं रसायन) वाढलं की छाती धडधडते, कान गरम होतात, दात आवळले जातात, आवाज चढतो. यातली आपली खूण कोणती ते एकदा हेरून ठेवा. ती दिसली की नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सात-आठ आकडे मोजत हळूहळू सोडा, पाच-सहा वेळा. सोडायचा श्वास लांबवला की ठोके उतरतात, त्यामुळे सगळी गंमत सोडण्यात आहे, नुसते मोठमोठे श्वास ओढून उपयोग नाही.

आणि ते "राग मनात ठेवू नये, ओकून टाकावा" म्हणतात ना, त्याच्या नादी लागू नका. 2024 मध्ये 154 अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात आदळआपट करून राग कमी होतो असं काही दिसलं नाही, इतकंच काय तावातावाने पळायला जाणंही कामाचं नाही निघालं. अंग शांत करणाऱ्या गोष्टींनी मात्र फरक पडला, म्हणजे श्वास, ध्यान, योगासनं असलं. पळा हो, तब्येतीला चांगलंच आहे, फक्त रागाचं औषध म्हणून नको.

आता बोलायचं कसं. समजा केळीचा बोर्डाचा, म्हणजे जाहीर झालेला, भाव एक आणि व्यापारी बांधावर येऊन सांगतो दुसराच. राग येणारच, आणि तो बरोबरच आहे. पण "तुम्ही सगळे चोर" म्हटलं की समोरचा चोर शब्दावर भांडत बसतो अन भाव राहतो बाजूला. त्यापेक्षा "जिभाऊ, बोर्डावर हा भाव आहे, तुम्ही इतका कमी कशावर लावला ते आधी सांगा" असं विचारा आणि गप्प बसा. उत्तर त्याला द्यावं लागतं. घरातही "तू नेहमीच", "तू कधीच" हे शब्द गाळले तरी बरंच भागतं.

घरावरून आठवलं, "मला राग आवरत नाही" म्हणणारा माणूस फौजदारासमोर बरोबर आवरतो. म्हणजे आवरता येतो, फक्त बायको-पोरांसमोर आवरायची गरज वाटत नाही. ती बाई उन्हाळ्यात चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापून राहिली अन हा पंख्याखालून विचारतो अजून ताट का नाही आलं! रागवायचा हक्क तिचा आहे खरं तर. फारच चढला तर "अर्ध्या तासाने बोलू" असं तोंडाने सांगून बाहेर पडा, आणि अर्ध्या तासाने खरंच परत या. चार-चार दिवस अबोला धरणं म्हणजे शांत होणं नाही, ते भांडणच आहे.

भाऊबंदकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बांधावरून कोणी टोमणा मारला तर उत्तर नोट्समध्ये लिहा, ग्रुपवर नाही, आणि सकाळी वाचा. व्हॉइस नोट तर रागात अजिबात नको, गावभर फिरते.

हात उचलला जातोय, भांडी फेकली जाताहेत, दारू प्यायली की रोज तमाशा होतोय, असं असेल तर हे असले उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरला दाखवा. कधीकधी सततची चिडचिड हे डिप्रेशनचंही लक्षण असतं, पुरुषांमध्ये तर ते बऱ्याचदा रडण्याऐवजी रागातून दिसतं. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. ज्याला राग येतो तो फोन करायला तयार नसेल तर घरातल्या कोणीही करावा.