क्लीनरूमचा सूट कोणासाठी असतो : नॅनोफॅब्रिकेशनला निघालेल्या सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी

सोलापुरातून एम.एस्सी. किंवा पीएच.डी.च्या कामासाठी मुंबई-बेंगळुरूच्या नॅनोफॅब्रिकेशनच्या (अतिसूक्ष्म उपकरणे घडवण्याच्या) क्लीनरूममध्ये, म्हणजे जवळजवळ धूळविरहित खोलीत, पहिल्यांदा निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. केंद्र सरकारच्या साहाय्याने २००८ मध्ये सुरू झालेल्या आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम) या कार्यक्रमामुळे आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूची आयआयएस्सी येथील सुविधा बाहेरच्या विद्यापीठांतील संशोधकांनाही वापरता येऊ लागल्या आणि आपल्यासारख्यांच्या हाती वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, आला. लिथोग्राफी म्हणजे काय, एचिंग कशासाठी करतात, तिथला दिवा पिवळा का असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी गृहीत धरते. मी जे सांगणार आहे ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही आणि तीच अडचण आहे.

क्लीनरूमचा सूट तुमच्या रक्षणासाठी नसतो. तो वेफरचे तुमच्यापासून रक्षण करतो. हे वाक्य प्रशिक्षणात मीही ऐकले होते, वहीत उतरवून घेतले होते आणि तरीही बरेच दिवस मला ते कळलेले नव्हते. डोक्यावर हूड, तोंडाला मास्क, अंगभर पांढरा सूट, पोटऱ्यांपर्यंत बूट, हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असा सगळा सरंजाम चढवून गाऊनिंग रूमच्या आरशासमोर उभे राहिले की मनात एक निर्धास्तपणा येतो. आता आपल्याला काही होणार नाही असे वाटते. हा निर्धास्तपणाच नवख्यांचा घात करतो, म्हणून त्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

क्लास १०० म्हणजे एक घनफूट हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नसलेली खोली. आताच्या आयएसओ मानकात तिला आयएसओ ५ म्हणतात. अशा खोलीत धुळीचा सर्वांत मोठा उगम म्हणजे आत वावरणारा माणूस, कारण आपली त्वचा, केस, श्वास आणि कपडे सतत कण सोडत असतात. मी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी वाढले. टॉवेल विणताना उडणारा कापसाचा तंतू खिडकीच्या गजावर, पापण्यांवर, ताटातल्या भाकरीवर कसा बसतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. सूटचे काम एवढेच, की तुमच्या अंगावरचा तो तंतू आतच कोंडून ठेवायचा. त्यासाठी तो पॉलिएस्टरच्या अखंड धाग्यांचा, दाट विणीचा असतो आणि स्थिर विद्युतभार साचू नये म्हणून त्यात कार्बनयुक्त धागे घातलेले असतात. कण अडवणारे हे कापड द्रव मात्र अडवत नाही. आम्लाचा शिंतोडा त्यावर पडला तर तो आरपार जातो, आतल्या कपड्यात मुरतो आणि त्वचेला चिकटून राहतो. वरून चेन, हूड आणि बूट असल्यामुळे तो सूट चटकन उतरवताही येत नाही. म्हणजे उघड्या हातावर पडलेला थेंब तुम्ही लगेच धुवाल, पण सूटखाली शिरलेला थेंब कदाचित तुमच्या ध्यानातही येणार नाही.

आगीच्या बाबतीतही तसेच आहे. कृत्रिम धाग्याचे कापड जळताना वितळून अंगाला चिकटते. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेशी संपर्क येताच पेट घेणारे रसायन सिरिंजमधून बाहेर आले आणि तेवीस वर्षांच्या संशोधन सहायक तरुणीचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला. तिने लॅब कोट घातलेला नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. ती क्लीनरूम नव्हती, पण अंगावर काय घालतो आहोत याचा विचार का करायचा, हे त्या घटनेइतके स्पष्ट दुसऱ्या कशातून मला समजले नाही. सूटच्या आत पूर्ण बाह्यांचे, पायघोळ, साधे सुती कपडे घाला आणि बंद पादत्राणे वापरा. लोकर, जरीचा दुपट्टा, काजळ, पावडर आणि कॉन्टॅक्ट लेन्स खोलीवरच ठेवा.

मग तुमचे रक्षण कोण करते? वेट बेंचवर, म्हणजे द्रव रसायनांच्या ओट्यावर, आम्लाचे काम असेल तेव्हा सूटच्या वरून घालायचा रसायनरोधक एप्रन, चेहरा पूर्ण झाकणारी फेस शील्ड, तिच्या आत गॉगल आणि कोपरापर्यंत येणारे जाड हातमोजे. आत घातलेले पातळ नायट्राइलचे मोजे हे पुन्हा वेफरसाठीच असतात. ॲसिटोन तर त्यांतून एक-दोन मिनिटांत पार होतो. जाड मोजा घालण्यापूर्वी त्याचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडा आणि बोटे फुगतात का ते पाहा, म्हणजे टाचणीएवढे छिद्रही समजते. मास्कमुळे वाफ अडत नाही, त्यामुळे फक्त तुमची थुंकी वेफरवर उडत नाही. वाफ ओढून घेण्याचे काम बेंचच्या एक्झॉस्टचे असते, म्हणून डोके बेंचच्या आत घालून बीकरमध्ये डोकावू नका. बेंचवरचे काम संपले की हा जाड सरंजाम तिथेच धुऊन उतरवायचा असतो. आम्लाच्या मोज्याने मायक्रोस्कोपचा स्क्रू फिरवणारा माणूस पुढच्याच्या डोळ्यांजवळ काय ठेवून जातो, याचा विचार करा.

आता त्या एका रसायनाकडे येते ज्याला घाबरलेच पाहिजे. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, म्हणजे एचएफ, पाठ्यपुस्तकात सौम्य आम्ल म्हणून येते आणि त्या एका विशेषणाने पुष्कळांची दिशाभूल होते. सौम्य आहे म्हणूनच त्याचे बरेचसे रेणू विघटित न होता त्वचेतून खोल शिरतात. आत गेल्यावर फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकते, ऊतींचा नाश होतो आणि रक्तातील कॅल्शियम घटले की हृदयाचे ठोके बिघडतात. तीव्र एचएफने तळहात-बोटांएवढा भाग भाजला तरी ते जिवावर बेतू शकते. याहून फसवी गोष्ट म्हणजे वेदनेची वेळ. वीस टक्क्यांहून कमी तीव्रतेच्या द्रावणाने भाजले तर वेदना सुरू व्हायला चोवीस तासही लागू शकतात. आपण सिलिकॉन डायऑक्साइड काढायला वापरतो ते बीओई (बफर्ड ऑक्साइड एचंट) बहुधा सहा भाग अमोनियम फ्लोराइड आणि एक भाग ४९ टक्के एचएफ अशा मिश्रणाचे असते, म्हणजे त्यात एचएफ साधारण सात टक्के. ते नेमके या उशिरा दुखणाऱ्या गटात बसते. बेंचवर पाण्यासारखा थेंब दिसला, तो हाताला लागला, जळजळ झाली नाही, तेव्हा ते पाणीच असणार, हा तर्क इतर आम्लांच्या बाबतीत चालून जाईल. इथे तो चालत नाही. बेंचवरचा ओळख नसलेला प्रत्येक थेंब एचएफच आहे असे धरून वागा.

म्हणून पहिल्या दिवशी यंत्रे पाहण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कुठे ठेवले आहे ते पाहा आणि ट्यूबवरची मुदत वाचा. एचएफ लागले तर दूषित कपडे उतरवत लागलेला भाग पाच मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुवायचा, मग स्वच्छ मोजा घातलेल्या हाताने अडीच टक्क्यांचे ते जेल चोळत राहायचे आणि दुखत नसले तरी रुग्णालयात जायचे. डोळ्यात गेले तर जेल अजिबात लावू नये. आयवॉशवर, म्हणजे डोळे धुण्याच्या नळावर, पंधरा मिनिटे पाणी मारत राहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. आपत्कालीन विभागात नुसते ‘ॲसिड पडले’ असे सांगू नका, ‘हायड्रोफ्लोरिक ॲसिड’ असे पूर्ण नाव सांगा आणि एसडीएसची (रसायनाच्या सुरक्षा-माहितीपत्रकाची) प्रत त्यांच्या हातात द्या, कारण सगळ्या डॉक्टरांना असा रुग्ण पाहायला मिळालेला नसतो. शॉवरखाली कपडे उतरवायला लाजू नका, हे मी मुलींना आणि मुलांनाही स्पष्टच सांगते. बाकीच्यांना बाहेर काढणे ही सोबत्याची जबाबदारी.

आपल्याकडच्या सवयीही इथे आड येतात. सोलापुरात आणि कोल्हापुरात थिन फिल्मचे (अतिपातळ थरांचे) काम पुष्कळ चालते, आणि आपण सगळे केमिकल बाथच्या, म्हणजे द्रावणातून थर जमवण्याच्या, शाळेत तयार झालेलो : काचेचा बीकर, काचेची स्लाइड, हॉट प्लेट. या कामाने हाताला शिस्त लागते, हे मी अभिमानाने सांगेन. पण एचएफ काच खाते. बीओई काचेच्या बीकरमध्ये ओतणारा विद्यार्थी मूर्ख नसतो, त्याचा हात सवयीने बीकरकडे जातो. तिथे टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे भांडे आणि चिमटाही त्याच जातीचा. काचेच्या स्लाइडवर बनवलेली फिल्म बीओईत बुडवायचा बेत असेल तर आधी कागदावर विचार करा, कारण खालची काचही झिजणार आहे. ॲसिटोन हॉट प्लेटवर कोमट करण्याची जी युक्ती काही ठिकाणी चालते ती तर कुठेच करू नये. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, उणे वीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतो.

पिरान्हा या वेफर साफ करणाऱ्या जहाल मिश्रणाबद्दल माझे मत थोडे टोकाचे आहे : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ते करू नये. तीन भाग तीव्र सल्फ्युरिक ॲसिडमध्ये एक भाग तीस टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू घालायचे, पेरॉक्साइडमध्ये ॲसिड ओतायचे नाही. मिश्रण आपोआप शंभर अंशांच्या वर तापते. ॲसिटोनने धुतलेला वेफर न वाळवता त्यात टाकला तर स्फोट होऊ शकतो, आणि उरलेले द्रावण झाकण घट्ट लावून ठेवले तर बाटली फुटते. इतका खटाटोप करण्यापूर्वी ऑक्सिजन प्लाझ्माने रेझिस्ट (वेफरवरचा प्रकाशसंवेदी थर) निघेल का एवढे विचारा. बऱ्याचदा निघतो.

डेव्हलपरला, म्हणजे रेझिस्टमधली नक्षी उघडी करणाऱ्या द्रावणाला, कोणी घाबरत नाही, कारण तो दिसायला साधा असतो. पण बऱ्याच डेव्हलपरमध्ये टीएमएएच (टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड) असते, साधारण २.३८ टक्के, आणि सिलिकॉन एचिंगसाठी, म्हणजे सिलिकॉन कोरून काढण्यासाठी, तेच २५ टक्क्यांचे वापरतात. ते त्वचेतून शरीरात जाते आणि श्वसनाचे स्नायू लुळे पाडू शकते. तीव्र द्रावण अंगावर सांडून कामगारांचे मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. डेव्हलपिंगलाही आम्लाइतकाच पोशाख करा.

वायूंविषयी विद्यार्थ्याने करायचे फारसे काही नसते. सिलेन हवेत आपोआप पेटतो, म्हणून त्याची कपाटे, सेन्सर आणि झडपा प्रशिक्षित लोकांच्या ताब्यात असतात. अलार्म वाजला की वेफर, वही, मोबाइल सगळे सोडून सूटसकट बाहेर पडायचे. सूट बाहेर नेला म्हणून कोणी रागावत नाही.

इतके वाचून कोणाचे धाबे दणाणले असेल तर त्याला सांगते की बारावीला गणितात जेमतेम पास झालेली मुलेही हे काम निर्धोकपणे करतात. तिथे हुशारी लागत नाही. कंटाळा न करता तेच ते पुन्हा करण्याची तयारी लागते. हळू काम करणाऱ्याला तिथे कोणी कमी लेखत नाही, आणि कोणी लेखलेच तर त्या माणसाच्या शेजारच्या बेंचवर काम करू नका.

मार्गदर्शकांविषयी बोलणे अवघड आहे, तरी बोलते. आपल्याकडच्या काही सरांनी क्लीनरूम आतून पाहिलेली नसते. त्यात कमीपणा नाही. पण त्यांनी फोनवरून ‘आजच्या आज एचिंग करून टाक’ असे म्हटले तर नम्रपणे, परंतु नकारच द्यावा. सीनियरांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली रेसिपी हाही माझ्या नावडीचा विषय आहे. तिच्यात सेकंद आणि तापमान असते. भांडे कोणते, मोजे कोणते, टाकाऊ द्रावण कोणत्या बाटलीत, यातले काहीच नसते. झपाझप काम उरकणारा सीनियर चांगला गुरू असतोच असे नाही. माझ्या अनुभवात सर्वांत विश्वासाचा गुरू म्हणजे वर्षानुवर्षे तो बेंच सांभाळणारा तंत्रज्ञ. त्यांना दादा म्हणा, भैया म्हणा, अण्णा म्हणा, पण प्रश्न विचारा. मी जाड मोजे न घालता आम्लाच्या बेंचकडे वळले तेव्हा अशाच एका अण्णांनी हात आडवा करून ‘हा सूट वेफरचा आहे, तुझा कुठे आहे?’ असे विचारले होते, आणि वहीतले वाक्य मला तेव्हा कळले.

प्रश्न विचारण्यात आपली खरी अडचण भाषेची असते. प्रशिक्षण इंग्रजीत होते आणि आपण ‘येस सर’ म्हणत मान हलवतो, कारण मराठी माध्यमातून आलो हे दिसू नये असे वाटते. धोक्याच्या सूचनेला न समजता मान हलवणे ही तिथली सर्वांत वाईट सवय आहे. सूचना स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत परत सांगून दाखवा आणि ‘बरोबर ना?’ असे विचारा. वेट बेंचवर प्रत्यक्ष आम्ल घेण्यापूर्वी पूर्ण प्रक्रिया नुसत्या डीआय (आयनविरहित) पाण्याने करून पाहू द्या अशी विनंती करा. ती नाकारणारा तंत्रज्ञ मला भेटलेला नाही.

राहिले वेळेचे. बाहेरून येणाऱ्याला यंत्राचा स्लॉट मोजकाच मिळतो, परतीचे तिकीट काढलेले असते, आणि शेवटच्या संध्याकाळी एकटीनेच बीओई उरकून उद्यान एक्स्प्रेस पकडावी असा मोह होतो. सोबती नसेल तर वेट बेंच बंद, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. जिथे नसेल तिथे तो स्वतःला लावून घ्या. परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढा. प्रस्ताव पाठवतानाच वेट बेंचवर सोबत कोण असेल, एचएफचे काम तंत्रज्ञ करून देतील की स्वतः करायचे आणि टाकाऊ बाटल्यांना लेबल कोणते लावायचे, हे ईमेलने विचारून ठेवा आणि त्याचे उत्तर छापून फाइलला लावा. ती फाइल गाऊनिंग रूमच्या बाहेरच ठेवावी लागते, कारण साधा कागद आत चालत नाही; आत नोंदी करण्यासाठी क्लीनरूमचा वेगळा कागद आणि बॉलपेन मिळते, पेन्सिल मिळत नाही.