पाटेन धरायचं कसं

बाळा, तू सबडीकन होणार, म्हणजे वेदीवर फादर आणि त्यांच्या खालचा डीकन यांच्यानंतरचा सेवक, हे तुझ्या आजीने फोनवर सांगितलं. १९७२ साली पोप पॉल सहाव्यांनी हे पदच काढून टाकलं, त्यामुळे इथे वसईत कुणा तरुण ब्रदरला विचारलंस तर 'म्हणजे काय?' म्हणेल. तुमच्या जुन्या लॅटिन विधीच्या सेमिनरीत, फादर घडवणाऱ्या शाळेत, ते टिकलंय. मी १९६२ साली झालो होतो. विधीचं पुस्तक तू वाचशीलच. हाताला काय कळतं तेवढं सांगतो, विशेषतः मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पाटेन, म्हणजे पवित्र भाकरीची चपटी थाळी, कसं धरायचं ते.

दीक्षेच्या वेळी बिशप पुढे यायला सांगतात आणि तू एक पाऊल टाकतोस. ब्रह्मचर्य आणि रोजची ब्रेव्हिअरी, म्हणजे नेमून दिलेल्या प्रार्थना, त्याच पावलात आली. घाई करू नकोस.

ट्यूनिकल म्हणजे सबडीकनचा वरचा झगा, त्याच्या आत स्टोल (गळ्यातला पट्टा) नसतो, तो डीकनपासून पुढे. डाव्या हातावरचं मॅनिपल (कापडी पट्टी) मात्र घट्ट बांध, नाहीतर लोंबून द्राक्षारसाच्या पेल्याला अडकतं.

बायबलमधलं पत्र वेदीकडे तोंड करून गायचं असतं. लोक पाठीमागे, म्हणून वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नकोस. मग फादरांपुढे गुडघे टेकून त्यांच्या हाताचं चुंबन आणि आशीर्वाद.

शुभवर्तमान डीकन गातो, पुस्तक तू धरतोस. पुस्तक हातात असेपर्यंत गुडघा टेकायचा नाही. तीन राजांच्या सणाला 'प्रोचिदेन्तेस' (पाया पडून) हा शब्द आला, सगळे खाली गेले, सवयीने मीही गेलो. पुस्तक कललं आणि डीकनची ओळच हरवली. साक्रिस्तीत, कपडे बदलायच्या खोलीत, नंतर काय ऐकलं ते लिहीत नाही.

पेल्यात पाणी थेंबभरच घाल.

आता खरं काम. अर्पणानंतर डीकन तुझ्या उजव्या हातात पाटेन देतो आणि खांद्यावरच्या रेशमी वेलचं (ओढणीसारख्या लांब वस्त्राचं) टोक त्यावर टाकतो. पायरीखाली मधोमध उभं राहून ते डोळ्यांसमोर धरायचं, 'पाटेर नोस्टर' ही 'हे आमच्या बापा' प्रार्थना संपत येईपर्यंत. गाणारे रंगात आले तर वीस मिनिटंही जातात. डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दे. गुडघे ताठ ठेवू नकोस. मे महिन्यात असाच ताठ उभा राहून मी डुलायला लागलो होतो, शेजारच्या पोराने अल्ब (पांढरा झगा) ओढून सावरलं. तुला धूप दाखवायला आले की पाटेन जरा खाली घे. रेशीम घसरतं, म्हणून आधीच त्या वस्त्राची फीत छातीशी बांधून घे. सराव खोलीतच होतो: स्टीलची ताटली, वर टॉवेल, आणि तोंडाने अख्खी रोझरी, म्हणजे जपमाळ. पहिले काही दिवस तिसऱ्या दशकाला (दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला) दंड भरून येईल.

मयताच्या मिस्सेला वेल नाही, पाटेनही धरायचं नाही. पहिल्यांदा मला हातांचं काय करावं तेच कळेना. छातीशी जोडून ठेव.